नवव्या गोष्टीतली बाई

या अंकात ज्यांचे अनुभव छापून येतात त्यांनी तीस-तीस वर्षं नोकरी केलेली असते. माझ्याजवळ सहा दिवस आहेत. एका सोमवारी सकाळी दहाला मी कामावर बसले आणि शनिवारी संध्याकाळी उठले. एवढ्यावर लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. पण त्या सहा दिवसांत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईना, म्हणून लिहिते.

मी चंदगड तालुक्यातली. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात राहून मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. गावांची नावं मी इथं देणार नाही. आत्तीला, म्हणजे आमच्या आप्पांच्या थोरल्या बहिणीला, विचारून हे लिहिते आहे. ती म्हणाली, "लिव आता." आप्पांनाही विचारलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत.

काम मला आमच्या कॉलेजातल्या बाईंच्या ओळखीनं मिळालं. चोपडे सर नावाचे एक निवृत्त शिक्षक शहरातल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत ख्रिस्ती पुस्तकांच्या भाषांतराचं काम बघत. त्यांची नेहमीची भाषांतरकार मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, आणि सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. परदेशातल्या एका मिशन संस्थेला एक पुस्तिका आठवड्यात हवी होती. मी ख्रिस्ती नाही हे मी आधीच सांगितलं. सर म्हणाले, "मग बरंच आहे. आम्हाला काही शब्द पाठ असतात, त्यामुळं ते कळतात का नाही ते आम्हाला कळत नाही."

पुस्तिका बायकांच्या गटात मोठ्यानं वाचायची होती. तिच्यात बारा गोष्टी. प्रत्येक गोष्टीखाली शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एक वचन, चार प्रश्न आणि छोटी प्रार्थना. वचन छापील मराठी प्रतीतून जसंच्या तसं घ्यायचं, त्याला हात लावायचा नाही. प्रार्थना सर स्वतः सांगत आणि मी टाइप करत असे. गोष्टी पूर्ण माझ्याकडं होत्या.

भाषांतर म्हणजे या भाषेतलं वाक्य त्या भाषेत नेणं, एवढंच मला वर्गात शिकवलेलं. इथं निराळं होतं. संस्थेची सूचना अशी की गोष्ट ऐकताना बाईला हे आपल्याच आळीत घडलं असं वाटलं पाहिजे. म्हणून मूळ गोष्टीतली माणसं, घरं, जेवण सगळं बदलायचं. बर्फात अडकलेली मोटार माझ्याकडं घाटात बंद पडलेली एसटी झाली. सफरचंदाच्या गोड पदार्थाची खीर झाली. एका गोष्टीत म्हाताऱ्याचा कुत्रा त्याच्या पलंगावर झोपत होता. मी ते तसंच ठेवून सरांना वाचून दाखवलं. डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीखालून सर म्हणाले, "कुत्रं अंथरुणात? बाहेर घाल त्याला. ओसरीवर."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम सांगितला होता. "शैला, गोष्टीतली बाई जोडून करायची. एकीची चाल, दुसरीचं बोलणं, तिसरीचं घर. सगळं एकीकडनंच उचललं तर ती चोरी होते बघ." मी मान हलवली. हा लिहिण्याच्या कौशल्याबद्दलचा सल्ला आहे असं मला वाटलं. कुणाच्या तरी अब्रूबद्दल सर बोलत होते हे माझ्या लक्षात आलं नाही.

बुधवारपर्यंत आठ गोष्टी झाल्या. खरं सांगते, मला माझा अभिमान वाटायला लागला होता. गुरुवारी नववी गोष्ट उघडली. त्या देशातल्या खेड्यातली एक म्हातारी. भावाशी भांडण झालं म्हणून ती मरणाला टेकलेल्या आईला भेटायला गेली नाही. पुढं कित्येक वर्षं ती भावाच्या दारात पाय ठेवत नाही. शेवटी एका प्रार्थनेच्या बैठकीत उभी राहून ती सगळ्यांसमोर सांगते, की तो माझा ताठा होता, मला क्षमा करा. आणि मोकळी होते.

मूळ गोष्ट कोरडी होती. त्या म्हातारीला नावापलीकडं काही नव्हतं. मी पहिला परिच्छेद वाचला आणि माझ्यासमोर आमची आत्ती येऊन बसली.

आत्तीबद्दल गावात हेच बोललं जाई. अव्वा, म्हणजे आमची आजी, वारली तेव्हा मी सात वर्षांची होते. आत्तीचं सासर नदीपलीकडं, एसटीनं तासाभरावर. ती मयताला आली नाही. चौथ्या दिवशी आली, अंगणाच्या कडेला बसली आणि पाणीसुद्धा न पिता परत गेली. त्याआधी तिचं आणि आप्पांचं भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. आत्तीला अव्वाला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि आप्पा नको म्हणत होते. "निरोप चार दिवस आधी धाडला हुता. आली न्हाय. रागच मोठा तिचा," असं आप्पा लोकांना सांगत. ती पुन्हा कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. भेटायची ती बाजारात, जत्रेत. मी मात्र तिच्याकडं सुट्टीत राहायला जात असे.

मी तिला पूर्ण उचललं. काजू फोडून तेलानं काळी पडलेली बोटं. दारात फणसाचं झाड आणि त्याला बांधलेली शेळी. पहिला मूठभर भात कोंबड्यांना टाकून मग जेवायला बसायची सवय. आणि घड्याळ. आत्तीचे यजमान गेल्यापासून ती त्यांचं पुरुषी घड्याळ डाव्या हातात घालते. ते कधीच बंद पडलंय, तरी घालते. मी नाव तेवढं बदललं. गोष्टीत ती रुक्मिणी झाली. शेवटी तिला उभं करून तिच्याच बोलीत म्हणायला लावलं, की माझा ताठा आड आला, आई माझी वाट बघत गेली.

लिहिताना मला रडू आलं. आपण तिच्यासाठी काही चांगलं करतोय असं वाटत होतं. आत्तीनं जे कधी केलं नाही ते तिनं केलं असतं तर किती बरं झालं असतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

शनिवारी ऐकवणी होती. हा या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. लिहिलेलं एका अशा बाईला वाचून दाखवायचं, जिनं ते आधी ऐकलेलं नाही आणि जी त्या धर्मातली नाही. मग तिनं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तिच्या तोंडून जे येईल ते सगळं लिहून घ्यायचं, प्रश्न, शंका, चेष्टासुद्धा. त्या कागदाचं इंग्रजी करून परदेशातल्या तपासनीस बाईंना पाठवायचं. त्यांना मराठी येत नाही. आपलं लिहिणं पोचलं का, ते त्यांना फक्त या ऐकणारीवरून कळतं. म्हणून नियम कडक: ऐकणारीला समजावून सांगायचं नाही, आणि तिच्या बोलण्यातलं काही गाळायचं नाही.

आमच्या ऐकणाऱ्या शकीलाभाभी. बंगल्याशेजारी शिलाई करायच्या. माहेर कबनूरचं, वडिलांचे तिथं माग होते. हातातलं काज-बटण चालू ठेवून त्या ऐकत. कुत्र्याच्या गोष्टीवर म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं कुत्र्याला ओसरीवर ठेवलं ते बरं केलं, पर मग रात्री बोलत कुणासंगट हुता?" मी ते लिहिलं. सर दुसऱ्या खोलीतून हसले.

नववी गोष्ट वाचताना भाभींची सुई थांबली. ऐकून झाल्यावर त्यांनी गोष्ट परत सांगितली ती माझ्यापेक्षा चांगली. मग म्हणाल्या, "ह्यो घड्याळाचा तुकडा लई भारी हाय. असलं कुणाला सुचत न्हाय. ही बाई तुझ्या घरातली हाय न्हवं?"

मी म्हणाले, "नाही भाभी, बनवलेली आहे."

"व्हय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग तिला इचारलंस का, असं झालं हुतं म्हणून?"

"बनवलेल्या बाईला काय विचारणार?"

"ते बी खरंच की," म्हणून त्यांनी पुन्हा सुई ओवली.

मी त्यांचं घड्याळाबद्दलचं वाक्य लिहिलं. पुढचे दोन प्रश्न लिहिले नाहीत. सहा दिवसांत मी गाळलेलं तेवढंच. ते लिहिले असते तर सरांनी मला त्याच दिवशी बोलावून घेतलं असतं. परदेशातल्या बाई तर फार बारीक विचारणाऱ्या. आधीच्या एका पुस्तिकेच्या वेळी, काजूच्या खळ्यात जाताना बायका चपला बाहेर का काढतात, त्यामागं काही धार्मिक कारण आहे का, म्हणून त्यांनी पत्र पाठवलेलं. काजूत माती जाऊ नये म्हणून, असं सरांनी कळवलं. ज्या बाई चपलेवर थांबतात त्या भाभींच्या प्रश्नावर थांबल्या नसत्या असं मला वाटत नाही.

पुस्तिका छापून आली, आत भाषांतरकार म्हणून माझं नाव. मला दोन प्रती मिळाल्या. एक मी वसतिगृहात सगळ्यांना दाखवत फिरले.

मे महिन्यात सुट्टीला गेले, तेव्हा आत्तीनं बोलावणं धाडलं. तिच्या गावात तीन-चार ख्रिस्ती घरं आहेत. त्यांतल्या सुनंदावहिनींच्या पडवीत दुपारी सगळ्या जातींच्या बायका काजू फोडायला बसतात, आणि वहिनींचं वाचन चांगलं म्हणून त्या काहीतरी वाचून दाखवतात. आत्तीही जायची. हे मला माहीत होतं. पण कोल्हापुरात लिहिलेलं आणि परदेशातून तपासून आलेलं पुस्तक त्या पडवीत पोचेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं तर ते तशाच पडव्यांसाठी लिहिलेलं होतं.

आत्ती फणसाखाली बसली होती. मला बसायलाही सांगितलं नाही तिनं.

"शैले, माजं घड्याळ तुला कुणी दिलं गं?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"सुनंदा वाचाय लागली. शेळी आली, मी म्हनलं असंल कुनाची तरी. कोंबड्या आल्या. घड्याळ आलं तशा बायका सगळ्या माज्याकडं बघाय लागल्या. मी आपली काजू फोडतोय. आनि मग ती रुक्मिणी उबी ऱ्हायली आनि म्हनली की माजं चुकलं. सुनंदाची सासू उठून आली. माजं हात धरलं. म्हनली, काशाक्का, मोकळी झालीस गं. दुसरी म्हनली, पुतनीनं लिवलंय, काशाक्कानंच तिला सांगितलं असनार. आता दारात यून बायका म्हनत्यात, बरं केलंस कबूल केलंस, आता भावाच्या घरी जा. मी कवा काय कबूल केलं?"

"आत्ती, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते र्‍हाऊ दे. तुला ठावं तरी हाय का काय झालतं?"

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता. आप्पांचा निरोप चार दिवस आधी गेलाच नव्हता. अव्वा शुद्धीत होती तोवर त्यांनी तिला कळवलं नाही. बहीण येऊन आईला बेळगावला घेऊन जाईल आणि पोराच्यानं झालं नाही असं गाव म्हणेल, याची त्यांना भीती. घरघर लागल्यावर माणूस धाडला. आत्ती दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली. तोवर पुलावर पाणी आलेलं. एसटी नदीपासून परत फिरली, ही उतरली आणि तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस बसून राहिली. पाणी उतरल्यावर आली ती चौथ्या दिवशी. अंगणात पोचली तर आप्पा पावण्यांना सांगत होते, की निरोप कवाच दिला होता.

"मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"मयताच्या घरात भावाला खोटं पाडू? धाकला हाय माज्यापरास. म्हनलं, म्हनू दे, लोक इसरत्यात. आनि इसरलं पन हुतं की. पंधरा वर्सं झाली. आता तू छापलंस." घड्याळ तिनं पदराखाली घेतलं होतं. "आता मी खरं सांगितलं तर तुजा बा खोटा पडतोय. न्हाय सांगितलं तर मी माज्या तोंडानं कबूल केल्यागत झालंय. एवडी शिकलीस, तूच सांग आता काय करू."

कॉलेजला मला पाठवायचं ठरलं तेव्हा आप्पांना बाजारात गाठून "पोरीला शिकू दे" म्हणून सांगणारी आत्तीच होती. हे तिनं त्या दिवशी बोलून दाखवलं नाही.

कोल्हापूरला आल्यावर मी चोपडे सरांना सगळं सांगितलं, भाभींचे गाळलेले प्रश्नसुद्धा. सर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. परदेशातून आलेलं. नववी गोष्ट तिथं सगळ्यांना फार आवडली होती. विशेषतः घड्याळ. आता इतर भाषांमध्ये ही गोष्ट द्यायची तर त्यांच्या मूळ गोष्टीऐवजी माझी मराठी गोष्ट धरून द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. भाषांतर करणाऱ्या मुलीचं अभिनंदन कळवा, असंही होतं.

"उत्तर तू लिही," सर म्हणाले. "इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे."

ते पत्र लिहायला मला बारा गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. ही बाई खरी आहे, तिला मी विचारलेलं नाही, आणि तिच्या तोंडी घातलेली कबुली खोटी आहे. ही तीन वाक्यं सोपीच होती. त्यांचं उत्तर सभ्य आलं. गोष्ट सगळीकडून काढली, पुढच्या छपाईत दुसरी घातली. वाटलेल्या प्रती परत मागवता येणार नाहीत, याचं वाईट वाटतं, असं त्यांनी लिहिलं. ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं यात मला शंका नाही.

सर म्हणाले, "कागदावरचं मिटलं. पण जिथं वाचलं गेलं तिथं जाऊन सांगायला पाहिजे. मी येऊ का?" मी नको म्हटलं. ती पडवी माझी मला गाठायची होती.

नंतर घरी जाऊन मी आप्पांना सगळं सांगितलं, आत्तीनं निरोपाबद्दल सांगितलेलंसुद्धा. ते जेवत होते. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "कवा जायाचं?" आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर मला आत्तीच्या गावात घेऊन गेले. गावात शिरताना मी म्हणाले, "आप्पा, आत येता?" ते म्हणाले, "बायकांत माजं काय काम." पिठाच्या गिरणीजवळ ते थांबले. तिथून आत्तीचा फणस दिसतो.

पडवीत पंधरा-सोळा बायका होत्या. आत्ती कोपऱ्यात, काजूचं तेल लागू नये म्हणून हात राखेनं माखलेले. मी उभी राहून सांगितलं, की नववी गोष्ट आत्तीची नाही. मूळ गोष्ट परदेशातली आहे, मी तिच्यात आत्तीचं घर आणि घड्याळ घातलं, ते तिला न विचारता. तिनं मला काहीही सांगितलेलं नव्हतं. तिनं कसलीही कबुली दिलेली नाही. चूक माझी आहे.

बायकांनी नीट ऐकून घेतलं. सुनंदावहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंस. उगंच तिच्या डोक्यावर आलं." मग त्यांनी हातातला काजू खाली ठेवला. "पर मग ती आईच्या मयताला का आली न्हाय? तुज्या बानं चार दिस आदी निरोप धाडला हुता म्हनत्यात."

बाकी कुणी फोडणं थांबवलं नव्हतं, पण आवाज कमी झाला. मी आत्तीकडं बघितलं. तिनं मान हलवली, फार थोडी. सांगू नको म्हणून हलवली, की सांग म्हणून, ते मला कळलं नाही. कळलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले.

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"तेबी खरंच. तू ल्हान हुतीस," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा काजूकडं वळल्या. वहिनींनी चहा टाकला. आत्तीनं माझा कप स्वतः आणून दिला.

बाहेर आले तेव्हा आप्पा गिरणीच्या पायरीवर बसले होते.

"काय इचारलं बायकांनी?"

मी सांगितलं.

"मग तू?"

"माहीत नाही म्हणाले."

ते फणसाकडं बघत बसले. तिथून तिचं दार वीस पावलांवर असेल. मला वाटलं, आता उठतील. ते उठले, खिशातून किल्ली काढली आणि गाडीला किक मारली. मी मागं बसले.